शोधणाऱ्याआधी ठेवणारा

(ग्रंथालय कर्मचारी आणि अभ्यासक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर माझा विषय 'पहिली चुंबकीय तबकडी आणि माहितीचा शोध' असा छापलाय. तबकडी म्हणजे आजच्या हार्ड डिस्कची पूर्वज, आणि तिच्यापर्यंत मी नक्की येणार आहे. पण तिच्या अलीकडची पन्नास-साठ वर्षं आधी उलगडायची आहेत, कारण खरा जीव तिथे आहे असं मला फार दिवसांपासून वाटतं, आणि ते ऐकून घेणारी अशी सभा रोज मिळत नाही. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी ग्रंथालयात हात काळे केले आहेत. तालिका, विषयशीर्षक, 'पाहा' आणि 'हेही पाहा', ॲक्सेशन नंबर, हे तुम्हाला समजावत बसायला नको.

संगणकाचा इतिहास आपल्याला शिकवतात तो साठवणुकीचा इतिहास असतो. आधी पंच कार्ड, मग टेप, मग ड्रम, मग डिस्क, मग चिप. प्रत्येक पायरीवर किती मावलं आणि किती वेगाने वाचलं याचे आकडे. ते आकडे खरे आहेत आणि मलाही आवडतात. पण माहिती सापडते की नाही हे त्या आकड्यांवर ठरत नाही. ते ठरतं ती आत ठेवताना. कुणीतरी एका कार्डासमोर बसून ठरवतो की या कागदाबद्दल एवढं लिहायचं आणि एवढं सोडायचं. पुढची शंभर वर्षं जो कोणी शोधायला येईल, त्याला त्या माणसाने ठेवलेल्या दारांतूनच आत जावं लागतं. आणि त्या माणसाचं नाव कुठल्याच पुस्तकात नसतं. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे.

सुरुवात हर्मन हॉलरिथपासून करू. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेची मोजदाद संपायला सातेक वर्षं गेली होती. पुढची दहा वर्षांत पुरी होईल का, हीच धास्ती. हॉलरिथने रेल्वेत पाहिलं होतं की कंडक्टर तिकिटावर भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवतो. केस कसे, डोळे कसे, नाक केवढं. हेतू असा की एकाच्या तिकिटावर दुसऱ्याने जाऊ नये. त्याने तीच कल्पना उचलली आणि १८९० च्या जनगणनेत दर माणशी एक कार्ड केलं. कार्ड यंत्राच्या जबड्यात ठेवायचं आणि दांडा खाली ओढायचा. वरून स्प्रिंगच्या सुया उतरतात. जिथे भोक असेल तिथे सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडते, वीजमंडल पुरं होतं आणि भिंतीवरच्या घड्याळासारख्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकतो. शेजारच्या पेटीत योग्य खणाचं झाकण टपकन उघडतं, कारकून त्यात कार्ड टाकतो आणि झाकण लावतो. देशाची लोकसंख्या सुमारे ६ कोटी २६ लाख निघाली.

हे यंत्र मोजणारं होतं. कार्ड आत गेलं की आकडा बाहेर येई आणि माणूस गर्दीत मिसळून जाई. 'अमुक तमुक माणूस मला काढून दाखव' असं त्याला म्हणता येत नव्हतं. शोधायचं असेल तर वेगळी युक्ती हवी. ती युक्ती विजेशिवाय सापडली, आणि ती मी आज सोबत आणली आहे.

हा गठ्ठा बघा. कार्डशीट कापून मीच केलाय. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात अशी कार्डं निघाली, पुढे अमेरिकेत 'कीसॉर्ट' नावाने खपली. चारही कडांना भोकांची रांग आहे. प्रत्येक भोकाला एक अर्थ दिलेला. माझ्या गठ्ठ्यात जुन्या मासिकांतले लेख आहेत. पहिलं भोक कोकण, दुसरं मासेमारी, तिसरं शेती, चौथं आरोग्य. लेख कोकणावरचा असेल तर पहिल्या भोकापासून कडेपर्यंतचा कागद कापून टाकायचा, म्हणजे भोकाची खाच होते. आता गठ्ठा असा सरळ धरायचा, पहिल्या भोकातून ही विणायची सुई घालायची आणि उचलून हलवायचं. ज्यांना खाच आहे ती खाली पडली. कोकणावरचे सगळे लेख टेबलावर. त्यांच्यातून पुन्हा सुई, दुसऱ्या भोकातून. आता पडले ते कोकणातल्या मासेमारीवरचे. कार्डांचा क्रम बिघडला तरी चालतो, हे लक्षात घ्या. ज्याने आयुष्यभर ड्रॉवरमधली कार्डं अकारविल्हे लावली आहेत, त्याला हे सुख कळेल.

आकडे घालायचे तर दहा भोकं लागत नाहीत, चारांत काम होतं. ७, ४, २ आणि १. तीन म्हणजे दोन आणि एक, सहा म्हणजे चार आणि दोन, नऊ म्हणजे सात आणि दोन. वर्षाचे शेवटचे दोन अंक आठ भोकांत बसतात.

समोरच्या रांगेतून ताई विचारतायत की दुष्काळावरचे लेख काढता येतील का. काढून दाखवतो असं मला म्हणता येत नाही, कारण दुष्काळाला मी भोक ठेवलेलं नाही. शेतीत सुई घातली तर काही दुष्काळाचे लेख पडतील, पण बाजारभाव, कर्ज, स्थलांतर यांतून येणारा दुष्काळ गठ्ठ्यातच राहील. तो लेख आहे, माझ्या हातात आहे, आणि तरीही सापडणार नाही. ताई, तुम्ही माझं अर्धं व्याख्यान एका प्रश्नात केलंत.

ही अडचण त्या काळच्या लोकांना चांगली ठाऊक होती. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. ई. बॅटन नावाचे गृहस्थ रसायन उद्योगात पेटंटं धुंडाळत. १९४० च्या दशकात त्यांनी उलटं केलं. कार्ड कागदपत्राला न देता विषयाला द्यायचं. एक कार्ड 'प्लॅस्टिक', एक कार्ड 'उष्णता'. कार्डावर बारीक चौकटी, प्रत्येक चौकट म्हणजे एका पेटंटाचा क्रमांक. ते पेटंट त्या विषयाचं असेल तर तिथे भोक. मग दोन कार्डं एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरायची. जिथून उजेड आरपार येतो तो क्रमांक तुमचा. नवा विषय निघाला तर नवं कार्ड सुरू करता येतं, जुन्यांना हात लावावा लागत नाही. अमेरिकेत मॉर्टिमर टाउबे यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच पद्धत भोकांऐवजी लिहिलेल्या क्रमांकांनी केली. कार्डावर दहा रकाने, क्रमांकाचा शेवटचा अंक ज्या रकान्याचा त्यात तो लिहायचा, म्हणजे दोन कार्डं शेजारी ठेवून सारखे क्रमांक नजरेने टिपता येतात.

आणि कॅल्विन मूअर्स. कडेच्या भोकांत जास्तीत जास्त विषय कसे कोंबायचे यावर त्यांनी डोकं चालवलं. प्रत्येक विषयाला एकच भोक न देता चार-पाच भोकांचा एक नमुना द्यायचा, आणि असे अनेक नमुने एकाच कडेवर एकमेकांवर खोदायचे. कधीमधी एखादं भलतंच कार्ड पडतं, ते हाताने बाजूला काढायचं. 'इन्फर्मेशन रिट्रीव्हल', म्हणजे ठेवलेली माहिती शोधून काढणं, हा शब्दप्रयोग १९५० मध्ये त्यांनीच रूढ केला. त्यांच्या नावाने एक नियमही आहे, १९५९ चा. माहिती मिळणं हे ती न मिळण्यापेक्षा जास्त त्रासाचं असेल, तर लोक शोधाची यंत्रणा वापरणार नाहीत. बहुतेक जण याचा अर्थ 'यंत्रणा सोपी ठेवा' असा घेतात. मूअर्स त्याहून कडू बोलत होते. माहिती मिळाली की ती वाचावी लागते, समजून घ्यावी लागते, आणि कधीकधी कळतं की आपण केलेलं काम गरजेचंच नव्हतं. म्हणून काही कार्यालयांना ती नकोच असते. तुमच्यापैकी ज्यांनी सरकारी खात्यांच्या ग्रंथालयांत नोकरी केली आहे, ते माना डोलावतायत.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

रॉबर्तो बूसा. इटलीतले जेझुइट पाद्री, जन्म १९१३ चा. डॉक्टरेटसाठी विषय घेतला तेराव्या शतकातले तत्त्वज्ञ थॉमस अक्विनास यांच्या लेखनातली 'उपस्थिती' ही कल्पना. देव जगात कसा उपस्थित असतो, वगैरे. बूसा सूच्या घेऊन बसले आणि 'उपस्थित', 'उपस्थिती' या अर्थाचे लॅटिन शब्द पाहू लागले. थोड्याच दिवसांत ध्यानात आलं की थॉमस ही कल्पना त्या भारदस्त शब्दांतून मांडतच नाहीत. ती लपली आहे 'इन' या चिमुकल्या अव्ययात. अमक्याच्या ठायी, अमक्यामध्ये. आणि 'इन' कुठल्याच सूचीत नाही! कोण घेईल? सूची करणाऱ्या प्रत्येक शहाण्या माणसाने तो बिनमहत्त्वाचा म्हणून गाळलेला. शेकडो वर्षांच्या विद्वत्तेत एकाला वाटलं नाही की हे शेपूट कुणाला लागेल. तेव्हा बूसांनी सगळं स्वतः वाचलं आणि 'इन' असलेली वाक्यं हाताने कार्डांवर उतरवली. सुमारे १०,००० कार्डं.

दुसरा कोणी प्रबंध देऊन मोकळा झाला असता. बूसांना वाटलं की पुढच्या अभ्यासकावर ही वेळ येऊ नये, म्हणून थॉमस यांच्या एकूण एक शब्दाची सूची करायची. लहान शब्द, मोठे शब्द, सगळे. एक कोटीहून जास्त शब्द. १९४९ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कला थॉमस वॉटसन यांच्या भेटीची वेळ मिळवली. पंच कार्डांची यंत्रं करणाऱ्या आयबीएमचे, म्हणजे 'इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स' कंपनीचे सर्वेसर्वा. बूसा पुढे स्वतः सांगत असत तो प्रसंग असा. बाहेरच्या खोलीत वाट पाहत असताना भिंतीवर कंपनीचंच एक पोस्टर दिसलं. मजकूर साधारण असा: अवघड काम आम्ही लगेच करतो, अशक्य कामाला थोडा जास्त वेळ लागतो. बूसांनी ते काढून सोबत घेतलं. आत गेल्यावर वॉटसन म्हणाले, आमचे लोक सांगतात की आमची यंत्रं हे करू शकणार नाहीत. बूसांनी पोस्टर टेबलावर ठेवलं. वॉटसन हसले आणि तयार झाले, फक्त एक अट घातली. आयबीएमचं नाव 'इंटरनॅशनल बूसा मशीन्स' करायचं नाही!

गोष्ट इथेच संपवतात बहुतेक वक्ते. माझी इथे सुरू होते. कारण काम केलं कोणी? मिलानजवळ गाल्लाराते नावाचं गाव आहे, कापडगिरण्यांचा मुलूख. तिथे १९५० च्या दशकात बूसांनी पंचिंगची शाळाच काढली. तरुण मुली यायच्या, शिकायच्या आणि कीपंचवर, म्हणजे कळा दाबून कार्डाला भोकं पाडणाऱ्या यंत्रावर बसायच्या. एक मुलगी लॅटिन ओळ पाहून कार्ड पंच करायची. मग तेच कार्ड दुसरीकडे जायचं. ती व्हेरिफायरवर तीच ओळ पुन्हा टाइप करायची. हे यंत्र भोक पाडत नाही, आधीचं भोक जुळतं का एवढंच पाहतं. नाही जुळलं की कळफलक अडतो. सगळं कार्ड जुळलं की त्याच्या उजव्या कडेला एक खाच पडते. म्हणजे गठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं तरी कळावं की कुठलं कार्ड तपासायचं राहिलंय.

बूसांनी लिहून ठेवलंय की या कामाला त्यांनी लॅटिन न येणाऱ्या मुली मुद्दाम घेतल्या, कारण त्यांचं काम लॅटिन येणाऱ्यांपेक्षा बिनचूक व्हायचं. मुद्रितशोधन केलेल्यांना हे लगेच पटेल. भाषा येणारा माणूस समोर आहे ते न वाचता असायला हवं ते वाचतो. पण मला यातली दुसरी बाजू खुपते. त्या मुलींची छायाचित्रं आहेत, यंत्रांसमोर ओळीत बसलेल्या. बूसांचं नाव खाली छापलेलं असायचं, त्यांची नसायची. अलीकडच्या काळात लंडनच्या एका संशोधिकेने त्यांच्यापैकी काहींना गाठून मुलाखती घेतल्या, तेव्हा कुठे त्यांतल्या काही चेहऱ्यांना नावं मिळाली. सूची छापली गेली १९७४ ते १९८० मध्ये, ५६ खंडांत.

आणखी एक गोष्ट या कामात होती जी यंत्राला येत नव्हती. लॅटिनमध्ये एका क्रियापदाची शेकड्याने रूपं होतात. यंत्र अक्षरं पाहून क्रम लावतं. 'आहे' आणि 'होता' ही एकाच धातूची पोरं, हे त्याला कोण सांगणार? ते माणसांनी बसून ठरवलं, रूपामागून रूप. हे दुखणं आपल्या घरचं आहे. कुठल्याही मराठी मजकुरात 'पाणी' शोधा. 'पाण्यात' आणि 'पाण्याचा' राहून जातात, कारण 'पाणी' ही अक्षरं त्यांत नाहीतच. 'पाणी'च्या खालीच 'पाण्यात' लावायचं, हे आपल्या जुन्या सूचीकाराला न सांगता कळत होतं.

सूचीकार म्हटल्यावर पुण्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही. बूसा वॉटसनना भेटले त्याच्या आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, डेक्कन कॉलेजात डॉ. एस. एम. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे १,५०० ग्रंथ घेतले. शब्द, तो जिथे आला ती ओळ, ग्रंथाचा संदर्भ, असं एका चिठ्ठीवर. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या झाल्या. बूसांच्या शब्दांएवढ्याच, बघा. इथे पंचिंग यंत्र नव्हतं, व्हेरिफायर नव्हता. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, लोखंडी कपाटांचे खण, आणि चिठ्ठी भलत्या खणात गेली तर ती गेलीच, याची धास्ती. पहिल्या खंडाचा पहिला भाग निघाला १९७६ मध्ये, प्रा. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली. संगणकाच्या इतिहासात बूसांना मानाचं पान आहे, आणि ते त्यांना शोभतं. डेक्कन कॉलेजची ती खोली त्याच पानावर असायला हवी असं माझं ठाम मत आहे. प्रश्न एकच होता आणि उत्तरही एकच. प्रत्येक शब्दाला त्याचा स्वतंत्र कागद द्यायचा, म्हणजे उद्या तो कुठूनही हाताला लागेल. वीज होती की नव्हती हा पुढचा भाग.

आता माझ्या मनात सलणारी गोष्ट. संस्थेचं नाव घेत नाही, घेऊ नये. आपल्याच राज्यातलं एक जुनं ग्रंथसंग्रहालय. तिथे मराठी मासिकांच्या लेखवार नोंदी होत्या. पुस्तकाच्या नव्हे, प्रत्येक अंकातल्या प्रत्येक लेखाची कार्डं. एका ग्रंथपालांनी नोकरीची बहुतेक वर्षं खर्चून ती केलेली. निळी शाई, बारीक तिरकं अक्षर, आणि वरच्या कोपऱ्यात दोन-तीन विषय. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीवर तेव्हाची मराठी मासिकं काय लिहीत होती, हे मी त्या ड्रॉवरमधून एका सकाळीत काढलेलं आहे. त्यात एक कार्ड होतं बायकांच्या पत्रव्यवहाराच्या सदराचं. साथीचं नाव ना शीर्षकात होतं, ना मजकुरात. पण त्या ग्रंथपालांनी मजकूर वाचून कोपऱ्यात 'साथ' लिहिलं होतं.

काही वर्षांनी पुन्हा गेलो तर मासिकं स्कॅन झाली होती. चांगली झाली होती, पानं स्वच्छ दिसत होती, कुणी मेहनतीने केलेलं काम होतं. मी विचारलं, कार्डांची कपाटं कुठे गेली? जागा अडत होती, काढून टाकली. कार्डं? रद्दीत. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे ना. आणि कॉम्प्युटरवर काय होतं? फायलींची रांग. स्कॅन एक, स्कॅन दोन, स्कॅन तीन. कुठल्या फाइलमध्ये कुठलं मासिक हेसुद्धा उघडून पाहावं लागतं. साठवण झाली उत्तम. शोध त्याच दिवशी मेला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. तिथल्या कर्मचाऱ्यांचा दोष मी धरत नाही. स्कॅनिंगच्या निविदेत पानांची संख्या होती, नोंदींचा रकानाच नव्हता. पैसे पानामागे मिळत होते. ते कोपऱ्यातलं 'साथ' कुठल्याच बिलात बसत नव्हतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. मग तबकडी.

यंत्राच्या आतल्या साठवणीबद्दल दोनच वाक्यं. पहिल्या यंत्रांनी पाऱ्याच्या नळ्यांतून ध्वनी फिरवत ठेवून किंवा चित्रनळीच्या काचेवर विद्युतभाराचे ठिपके उमटवून आकडे धरून ठेवले, आणि मग आल्या फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या, तारांत ओवलेल्या. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या, १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती अशा कड्यांची होती, २,०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा.

हे झालं हिशेब करतानाचं. मोठा साठा ठेवायचा चुंबकीय टेपवर. टेपची अडचण तुम्हा-आम्हाला गाण्याच्या कॅसेटमुळे माहीत आहे: चौथं गाणं हवं तर तीन ओलांडून जावं लागतं. गोदामात एका वस्तूचे किती नग उरले हे पाहायला अख्खी टेप फिरवायची. म्हणून कारखाने दिवसभराची कार्डं जमवून, क्रम लावून रात्री एकदम चालवत. उत्तर उद्या.

१९५२ मध्ये आयबीएमने सॅन होजेला एक प्रयोगशाळा काढून रेनॉल्ड जॉन्सन यांच्याकडे सोपवली. मूळचे शाळामास्तर. पेन्सिलीच्या खुणा वाचून उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र त्यांनीच शोधलं होतं. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते हे त्यांना पोरवयातच कळलेलं. बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर ते पेन्सिल ओढून ठेवत, मग गाडी सुरूच व्हायची नाही! या माणसाच्या गटाने १९५६ मध्ये रॅमॅक यंत्राची तबकडी आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर, मिनिटाला १,२०० फेरे. त्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा रंग चढवायचा, तो रेशमी मोज्यातून गाळून फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतला की आपोआप सारखा पसरे. एकच हात वर-खाली होऊन हव्या त्या दोन तबकड्यांमध्ये शिरायचा. वजन टनाच्या वर, मावायची ५० लाख अक्षरं, आणि कुठलंही अक्षर सरासरी ०.६ सेकंदात. टेप फिरवणं संपलं. लोकांनी याचंच कौतुक केलं, आणि करायलाच हवं.

पण हात कुठे न्यायचा, हे हाताला कोण सांगणार? गोदामातल्या सुट्या भागाचा क्रमांक असतो ५२७४१६, आणि तबकडीवरचा पत्ता वेगळाच. याचं उत्तर आयबीएममध्येच हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३ च्या एका टिपणात दिलं होतं. कापड उद्योगातून आलेला जर्मन माणूस. क्रेडिट कार्डाचा नंबर बरोबर आहे का हे तपासण्याची रीतही त्यांचीच. त्यांनी सुचवलं ते असं. क्रमांकाच्या जोड्या करा, ५२, ७४, १६. प्रत्येक जोडीतले अंक मिळवा, ७, ११, ७. दशकाचा अंक सोडा. ७१७. वस्तू ७१७ नंबरच्या खणात ठेवा. शोधतानाही तेच गणित, म्हणजे यादी पाहायला नको. दोन वस्तू एकाच खणात आल्या तर तेवढ्याच खणात हात घालायचा. यालाच आज हॅशिंग म्हणतात. इथेसुद्धा बघा, ठेवतानाच्या गणितात आणि शोधतानाच्या गणितात फरक पडला की वस्तू गेली.

याच लून यांनी १९५८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत शीर्षकांची यांत्रिक सूची दाखवली. प्रत्येक शीर्षक त्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली एकदा छापायचं, तो शब्द पानाच्या मधोमध एका रेषेत, आजूबाजूला उरलेलं शीर्षक. यंत्राला विषय कळायची गरज नाही. पुढे रसायनशास्त्राची नियतकालिकं अशीच धुंडाळली जाऊ लागली. मात्र बिनमहत्त्वाच्या शब्दांची एक यादी यंत्राला आधी द्यावी लागे, ते शब्द गाळण्यासाठी. बूसांचं 'इन' त्या यादीत पहिल्या काहींत असणार.

आणि रॅमॅकला १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनात 'प्रोफेसर रॅमॅक' म्हणून उभं केलं होतं. इसवी सनापूर्वी ४ पासून कुठलंही वर्ष सांगा, त्या वर्षीची घटना दहा भाषांत छापून मिळे. लोक थक्क झाले. पण विचारायचं फक्त वर्ष. घटनेवरून वर्ष, माणसावरून घटना, गावावरून माणूस, यांतलं काही नाही, कारण नोंद वर्षाखाली ठेवली होती. ताईंचा दुष्काळ पुन्हा आला.

इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हरडन यांनी १९५७ पासून नोंदी करण्याच्या पद्धतींची परीक्षाच घेतली. विमानविद्येचे १८,००० कागद चार पद्धतींनी सूचीबद्ध केले, त्यांत टाउबेंची पद्धत होती आणि आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या विचारातून आलेलं पैलूवार वर्गीकरणही होतं. १,२०० प्रश्न घातले. चारही पद्धती जवळपास सारख्या निघाल्या. कागद सापडला नाही तेव्हा का नाही हे तपासलं, तर बराचसा दोष नोंद करणाऱ्याच्या नजरचुकीत किंवा घाईत सापडला. पद्धतींवरून भांडणाऱ्या विद्वानांना हे झोंबलं. नोंद करणाऱ्याला वेळ द्या, एवढं त्यातून कुणी घेतलं नाही.

माहिती कोष्टकांत कशी मांडावी यावरच्या संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांच्या १९७० च्या लेखावर अर्धा तास बोलायचं होतं, आता दोन वाक्यं. वाट माहीत नसतानाही, कोष्टकातल्या कुठल्याही रकान्यावरून प्रश्न विचारता यावा ही त्यांची मांडणी फार मोठी सुटका होती. पण रकाना आधी कुणीतरी आखलेला लागतो.

कुणी म्हणेल की आता सगळ्या मजकुरात शोधता येतं, रकाने कशाला? ज्या पत्रव्यवहारात साथीचा शब्दच नव्हता, तो मजकुरात शोधून कसा सापडेल? ग्रंथपालांनी कोपऱ्यात लिहिला होता म्हणून मला सापडला. आणि जुना ठसा, जोडाक्षरं, पुसट शाई यांत यंत्राला अजूनही बरीच अक्षरं चुकीची दिसतात. स्कॅनिंग जरूर करा. निविदेत नोंदींचा रकाना घाला, त्याचे वेगळे पैसे ठेवा, आणि जुनी कार्डं असतील तर पानांच्या आधी ती स्कॅन करा. खर्च थोडा, आणि एका ड्रॉवरमध्ये एका माणसाचं तीस वर्षांचं वाचन असतं.

आयोजक उभे राहिले आहेत, म्हणून थांबतो. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमच्या ग्रंथालयात हाताने लिहिलेली लेखवार कार्डं असतील किंवा होती, तर ती कोणी लिहिली त्यांचं नाव, साधारण कुठल्या वर्षांत, आणि कार्डं सध्या कुठे आहेत, एवढं लिहून जा. नाव पूर्ण लिहा, आद्याक्षरं नकोत. सुईचा गठ्ठाही तिथेच आहे, हाताळून बघा. आता प्रश्न घेऊ, आणि पहिला मान दुष्काळ विचारणाऱ्या ताईंचा.